उजवीकडची शिट्टी

१

दम्याचा पंप सापडला तो बाथरूमच्या कचऱ्याच्या डब्यात, ओल्या कापसाखाली.

वॉर्डातल्या मावशींनी तो दोन बोटांत धरून मेलेल्या उंदरासारखा टेबलावर आणून ठेवला. "सिस्टर, हे बघा. तीन नंबरच्या पोरीचा. वर तिचं लेबल आहे."

सिस्टरने बघितलं. बघायलाही कंटाळा आला होता तिला. अठ्ठावीस वर्षं मुलांच्या वॉर्डात, त्यातली शेवटची नऊ वाफेच्या यंत्रापाशी. यंत्र लावायचं, मुखवटा धरायचा, रडणाऱ्या पोराला धरणाऱ्या आईला धरायचं. सगळं हॉस्पिटल तिला वाफेच्या सिस्टर म्हणायचं. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तिथेच राहिलं.

तीन नंबरची पोर म्हणजे ठकू. चार वर्षांची. दमा. आठ महिन्यांत अकराव्यांदा आलेली.

मोठे डॉक्टर राउंडला आले तेव्हा पंप टेबलावरच होता. त्यांनी तो उचलला, कानाशी हलवला. "खळखळतोय. भरलेला आहे. म्हणजे औषध देतच नाहीत." मग ते ठकूच्या आईकडे वळले. पॅकिंगच्या कारखान्यात उभी राहून राहून पायांच्या शिरा फुगलेली बाई, तीन दिवस त्याच साडीत. "बाई, आम्ही औषध लिहायचं आणि तुम्ही ते कचऱ्यात टाकायचं. असा दमा बरा होतो का?"

"मी नाही टाकलं," आई म्हणाली.

"मग पंपाला पाय फुटले असतील."

केसपेपरवर त्यांनी लिहिलं: आई औषध देत नाही. खाली लिहिलं: औषधाची ताकद वाढवून चार वाजता घरी सोडणे. खाटा कमी होत्या. बाहेर ओसरीवर सहा पोरं वाट बघत होती, हे खोटं नव्हतं.

राउंड पुढे गेला. आई खाटेच्या कडेला बसून राहिली. तिला रडू येत नव्हतं, आणि ते सिस्टरला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

२

पंप उचलून सिस्टर तो पुसायला गेली, आणि थांबली.

त्याच्या पाठीला नखाएवढी खिडकी असते. दर फवाऱ्याला तिच्यातला आकडा एकाने उतरतो. नवा पंप दोनशेवर असतो. कंपनीने ती खिडकी कशासाठी ठेवली ते देव जाणे, कारण डॉक्टर पंप कानाने बघतात.

आकडा होता सोळा.

लेबलवर तारीख होती. एकोणपन्नास दिवसांपूर्वीची. त्यातले शेवटचे तीन दिवस पोर इथे, वॉर्डात वाफेवर, पंप बंद. राहिले सेहेचाळीस. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, दिवसाला चार. सेहेचाळीस चोक एकशे चौऱ्याऐंशी. दोनशेतून गेले, राहिले सोळा.

सिस्टरने तळहातावर पेनाने पुन्हा गणित केलं. सोळाच. एक फवारा कमी नाही, एक जास्त नाही. ज्या बाईला आत्ता चारचौघांत खोटं पाडलं, तिने सेहेचाळीस दिवसांत एकही खाडा केला नव्हता. सिस्टर स्वतःच्या रक्तदाबाची गोळीसुद्धा इतकी नेमाने घेत नसे.

म्हणजे औषध पोटभर गेलं आणि पोर तरीही वाजते.

मग औषध चुकलं, किंवा आजार.

ठकू खाटेवर रंगाच्या पेन्सिली मांडून बसली होती. त्यातली एक ओठांच्या कोपऱ्यात धरलेली, दोन हातात. सिस्टरने डॉक्टरच्या खोलीतून स्टेथोस्कोप आणला. पाठीवर डावीकडे लावला. हवा सरळ गेली, सरळ आली. उजवीकडे लावला. हवा कमी, आणि बाहेर पडताना एक बारीक शिट्टी. पुन्हा डावीकडे. काही नाही. पुन्हा उजवीकडे. शिट्टी.

दमा असा एका बाजूला बसत नाही. तो आला की दोन्ही घरांत शिरतो.

सिस्टर खाली बसली. अकरा वेळा हिच्या तोंडावर मुखवटा धरला होता तिने. अकरा वेळा शिट्टी ऐकली होती, तोंडाशी, लांबून, जशी सगळे ऐकतात तशी. पाठीला दोन बाजू असतात हे तिला एकदाही सुचलं नव्हतं. 'मला कोणी सांगितलं नव्हतं' हे उत्तर तयार होतं. ते तिने स्वतःला दिलं नाही.

घड्याळात साडेअकरा वाजले होते.

३

शिट्टीचा अर्थ एवढाच, की वाट अरुंद झालीय. कोणी अरुंद केली, ते शिट्टी सांगत नाही. सिस्टरने उभ्या जन्मात दमा नसलेली दम्याची पोरं पाहिली होती. एकाच्या पोटातलं दूध वर येऊन श्वासनळीत झिरपायचं. एकीच्या छातीत क्षयाची गाठ नळीला दाबत होती. एका बाळाचं हृदयच कमजोर, त्याने फुप्फुसं ओली व्हायची. तिघांच्याही केसपेपरवर आधी एकच शब्द होता. पहिल्या डॉक्टरने लिहिला, दुसऱ्याने खाली 'तेच चालू' लिहिलं, तिसऱ्याने दुसऱ्याचं अक्षर वाचायचे कष्ट घेतले नाहीत. या खात्यात आजार असा पिढीजात चालतो.

तिने आईला ओसरीच्या टोकाला नेलं.

"जन्मापासून वाजायची का गं?"

"छे. साडेतीन वर्षं साधी सर्दीसुद्धा फारशी नव्हती."

"जेवल्यावर उलटी? आडवं केलं की खोकला?"

"नाही."

"वजन उतरलं? घरात कोणाला क्षय? दमा? अंगाला खाज, शिंका?"

"कोणालाच नाही, सिस्टर. तिच्या आत्या म्हणतात आमच्या माहेरचा दोष. आमच्या माहेरी सगळे बैलासारखे घोरतात, पण दमा नाही कोणाला."

"धुळीने वाढतं?"

"धुळीत लोळते ती. काही होत नाही. हसली, रडली, पळाली की वाजते. दोनदा ताप आला, तेव्हा छातीत कफ सांगितला. दोन्ही वेळा उजवीकडे."

"सुरू कधी झालं? दिवस आठवतो?"

आईने लगेच सांगितलं, जणू आठ महिने हा प्रश्न कोणी विचारेल म्हणून उत्तर जपून ठेवलं होतं. "दिवस काय, दुपार आठवते. सकाळी कामावर गेले तेव्हा ठणठणीत होती. संध्याकाळी आले तर खोकत होती, डोळे लाल. दुसऱ्या दिवशी वाजायला लागली."

"हे डॉक्टरांना सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं, सर्दी झाली होती का? त्या दिवसांत सगळ्या गल्लीलाच सर्दी होती. मी हो म्हटलं." ती थांबली. "चुकलं का माझं?"

"तुझं नाही. त्या दुपारी कोणापाशी होती?"

"माझ्या बाबांपाशी. रोज तिथेच असते. फार जीव आहे त्यांचा. त्या वेळी तर तीन-चार दिवस तिला शी-ला सुद्धा तेच घेऊन जायचे. मला जवळ फिरकू दिलं नाही. एरवी नाक पुसायलासुद्धा मला हाक मारतात." ती पहिल्यांदाच थोडी हसली. "म्हातारपणी माया अशी कुठूनही फुटते."

सिस्टर हसली नाही.

४

ठकूची आत्या दहाला आली होती आणि तेव्हापासून ओसरीवर सगळ्यांना सल्ले देत होती.

"मी आधीच सांगितलं होतं, पंपाची सवय लागते. वहिनी ऐकतात कुठे. आता टाकला, तर तेही चोरून."

"तुम्ही टाकला असता का?"

"मी उघड टाकला असता, आणि वर पाच जणांना सांगितलं असतं."

हे अगदी खरं वाटत होतं. शिवाय हिशोबही जुळत होता. मावशी तो डबा सातला रिकामा करतात, आणि पंप त्यांना नऊला सापडला. आत्या तेव्हा आलीही नव्हती. आई सात ते नऊ सिस्टरच्या डोळ्यांसमोर मुखवटा धरून बसली होती. आठच्या सुमाराला आत येऊन पोरीची पिशवी नीट करून गेला तो एकच माणूस. ठकूचे आजोबा.

पण पंप कोणी टाकला हे लहान कोडं होतं. मोठं कोडं पोरीच्या छातीत होतं, आणि सिस्टरच्या नुसत्या कानावर विश्वास ठेवून मोठे डॉक्टर खाट अडवणार नव्हते. ती एक्स-रेच्या खोलीत गेली.

फोटोवाला डबा खात होता. तिच्यासारखाच जुना, तिच्यासारखाच पिचलेला. "तुझ्या ठकूची फिल्म स्वच्छ आहे," तो म्हणाला. "परवाच काढलीय. डॉक्टरांनी पाहिलीय."

"कशी काढलीस?"

"सगळ्यांची काढतो तशी. श्वास घे, धरून ठेव, झालं. छाती भरलेली असली की फोटो छान येतो."

"एका दमात आली?"

"कुठली. पहिली वाया गेली. बटण दाबलं आणि पोरीने भोकाड पसरलं. सगळी हवा बाहेर. तशी फिल्म वर पाठवली तर डॉक्टर माझ्या अंगावर फेकतात. दुसरी पाठवली."

"वाया गेलेली कुठाय?"

त्याने डब्याचं झाकण लावलं आणि तिच्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या रद्दी फिल्मच्या खोक्यात वाकला. हललेल्या, तिरक्या, काळ्या पडलेल्या फिल्मांमधून एक त्याने ओढली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

दोघंही जवळ वाकले.

हवा सोडल्यावर फुप्फुस लहान होतं, फोटोत पांढुरकं दिसतं. डावं तसं दिसत होतं. उजवं मात्र काळंभोर, तट्ट फुगलेलं, आणि त्याने हृदयालासुद्धा डावीकडे ढकललेलं.

"आत गेलेली हवा बाहेर पडत नाहीये," फोटोवाला हळूच म्हणाला. "उजव्या नळीत काहीतरी बसलंय. छान फोटोत दिसलं नसतं. श्वास घेतला की दोन्ही सारखी फुगतात."

"काय बसलंय?"

"धातू असता तर दिसला असता. दिसत नाही, म्हणजे दाणा, नाहीतर प्लॅस्टिक." त्याने कपाळ चोळलं. "आठ महिन्यांत चार वेळा फोटो काढला मी हिचा. चारही छान."

५

आजोबा जिन्याखालच्या बाकावर बसले होते. मांडीवर कोणाची तरी उघडी छत्री, शेजारी पत्र्याचा डबा. छत्र्या दुरुस्त करायचा पन्नास वर्षांचा धंदा. हॉस्पिटलात तीन दिवस रिकामं बसवेना म्हणून वॉर्डातल्यांच्या मोडक्या छत्र्या गोळा केल्या होत्या.

सिस्टर लगेच जवळ गेली नाही. उभी राहून बघत राहिली.

म्हातारा कापडाचं टोक काडीला टाचत होता. एका हातात सुई, दुसऱ्यात काडी. काडीच्या टोकावर बसवायचं प्लॅस्टिकचं टोपण हवं की दोन्ही हातांतलं काम खाली ठेवायचा, डब्यात वाकायचा, एक टोपण उचलायचा, पुन्हा सगळं सावरायचा. नवशिक्यासारखा. पन्नास वर्षं काम केलेला माणूस असं काम करत नाही. आणि दर वेळी डब्याकडे वाकण्याआधी त्याचे ओठ आपोआप मिटायचे, उजवा कोपरा किंचित वर व्हायचा, जणू तिथे काही धरलंय. ओठ रिकामे होते. त्यांना अजून सवय होती, एवढंच.

तोच कोपरा. ठकूने पेन्सिल धरलेला.

ती शेजारी बसली. "आजोबा, टोपणं आधी तोंडात धरायचात ना? ओठांत चार-पाच, लागेल तसं एकेक काढायचं."

सुई थांबली.

"सगळेच धरतात," ते म्हणाले. "धंद्याची रीत आहे. तिसरा हात कुठून आणायचा."

"सोडली कधी ही रीत?"

त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली. सिस्टरने घाई केली नाही. वेळ थोडाच उरला होता, पण असली कुलपं ओढून उघडत नाहीत हे तिला माहीत होतं.

"माझं बघून धरायची ती," शेवटी ते म्हणाले. "समोर बसून, ओठांत दोन टोपणं, हातात काडी. मला गंमत वाटायची. म्हणायचो, माझा धंदा ही चालवणार. त्या दुपारी काहीतरी बोललो मी, तिला हसू आलं. आणि एकदम..." त्यांनी छत्रीची मूठ घट्ट धरली. "तोंड निळं झालं हो. मी उलटं धरलं, पाठीत थापट्या मारल्या. खोकली, रडली, श्वास आला. एक टोपण जमिनीवर पडलं. दुसरं नव्हतं."

"गिळलं असं वाटलं तुम्हाला."

"चार दिवस बघितलं मी. प्रत्येक वेळी. काडीने." ते सिस्टरकडे बघत नव्हते. "नाही सापडलं. म्हटलं, नजरेतून सुटलं असेल. मग डॉक्टर म्हणाले दमा. एवढे शिकलेले लोक म्हणाले दमा. मी सुटलो, सिस्टर. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला झोप लागली."

"आणि पंप?"

"दर वेळी ती वाजते आणि मला वाटतं, हे तेच आहे. सांगायचं तर आठ महिने का गप्प बसलास ते आधी सांगावं लागेल. म्हटलं, औषधच सापडलं नाही तर डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून बघतील."

"बघितलं त्यांनी," सिस्टर म्हणाली. "तुमच्या लेकीकडे."

राउंडच्या वेळी ते खाली होते. आईला काय ऐकवलं गेलं, केसपेपरवर काय लिहिलं गेलं, ते तिने जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द मऊ केला नाही. म्हातारा ऐकत गेला आणि लहान होत गेला. मग त्याने मांडीवरची छत्री मिटली आणि उठला.

"चला," ते म्हणाले. "कुठे सांगायचंय?"

६

मोठे डॉक्टर निघायच्या तयारीत होते. सव्वातीन.

"सिस्टर, तुम्ही वाफ द्या. निदान आमच्यावर सोडा."

"आठ महिने सोडलं होतं," ती म्हणाली आणि टेबलावर तीन गोष्टी ठेवल्या. पंप, खिडकी वर करून. रद्दीतली फिल्म. आणि आजोबांच्या डब्यातलं एक टोपण, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठं, धाग्यासाठी आरपार भोक असलेलं. "याच्या भोकातून हवा जाते. म्हणून पोर जगली. म्हणून शिट्टी वाजते."

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. दिवसाला नव्वद पोरं तपासणारा माणूस वाईट व्हायलाही वेळ काढू शकत नाही. त्यांनी फिल्म उजेडात धरली, आणि त्यांचा हात खाली यायला फार वेळ लागला. मग उठून ते स्वतः ठकूच्या खाटेपाशी गेले, दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप लावला, सावकाश. आजोबांना चार प्रश्न विचारले. आजोबांनी चारही उत्तरं लेकीच्या देखत दिली. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"उद्या सकाळी श्वासनळीत दुर्बीण घालू. मध्यरात्रीनंतर खाऊपिऊ घालू नका. आत्तापासूनच हसवू नका, रडवू नका. पाठीत कोणी मारू नका," डॉक्टर म्हणाले. "खाट सोडायची नाही."

"ती ओळ," सिस्टर म्हणाली.

"कुठली?"

"आई औषध देत नाही."

"केसपेपरात खोडाखोड चालत नाही, सिस्टर. तुम्हाला माहीत आहे."

"मग खाली लिहा. आई औषध न चुकता देत होती."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तीही हटली नाही. हटायला निराळी ताकद लागते, ती तिच्यात उरली नव्हती. त्यांनी पेन काढलं, लिहिलं, सही केली. वर ठळक अक्षरांत 'दमा' होतं, अकरा पानांवर अकरा वेळा. त्याचं काय करायचं हे कोणत्याच नियमात नव्हतं.

सकाळी दुर्बीण घातली. वीस मिनिटं लागली. टोपण निघालं, भोवती सुजेचं मांस धरलेलं, रंग उडालेलं. कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर उजवं फुप्फुस खालून सडत गेलं असतं. असं ते प्रत्येक वेळी म्हणतात. या वेळी खरं होतं.

दुपारी सिस्टर दुसऱ्या पोराला वाफ देत असताना ठकूची आई धावत आली. चेहरा पांढरा.

"सिस्टर, लवकर चला. तिचा आवाज येत नाही."

सिस्टर गेली. ठकू कुशीवर गाढ झोपली होती. तिने पाठीवर स्टेथोस्कोप लावला, डावीकडे, मग उजवीकडे. उजवीकडे जास्त वेळ. हवा आत गेली. हवा बाहेर आली. मागे काही राहिलं नाही.

"येणारच नाही आता," ती म्हणाली. "चार वर्षांचं पोर झोपलं की असंच झोपतं."

आईने खाटेचा लोखंडी दांडा धरला आणि हळूहळू खाली बसली. आठ महिने ती त्या आवाजावरून पोर जिवंत आहे हे ओळखत होती. बराच वेळ ती पोरीच्या फ्रॉकचं वर-खाली होणं बघत राहिली.

आजोबा दाराबाहेर उभे होते. कालपासून तिथेच. आत या असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

"सिस्टर," आई मान न वळवता म्हणाली, "बाबांना आत बोलवा."

"बोलायचंय?"

"नाही. बोलायला मला वेळ लागेल." तिने पोरीच्या पाठीवर हात ठेवला. "इथे बसवा त्यांना, जवळ. ऐकू द्या, काही वाजत नाही ते."